केमिस्ट्रीचं आवतन

कोरीटच्या रुपावहिनी दमलेल्या नाहीत असा दिवस गावात कोणी पाहिलेला नाही. त्यांचे यजमान हेमराज पाटील हे मोठ्या अभिमानाने सांगतात. सांगताना ते स्वतः बाजेवर आडवे असतात, हा भाग वेगळा. पण माणूस भला. बायको दमली की त्यांना खरंच वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की त्यांना चहा लागतो, आणि तो अर्थातच वहिनींनाच करावा लागतो.

वहिनींचा थकवा आरडाओरडा करणारा नव्हे. पोळी लाटता लाटता त्यांचे डोळे मिटतात आणि लाटणं चालूच राहतं. पोळी गोल येते. एकदा झोपेत त्यांनी मिरचीच्या तोडणीला आलेल्या बायकांना चहाऐवजी नुसतं गरम पाणी ओतलं. त्या बायकांनीही ते निमूट प्यायलं, कारण वहिनींचा चेहरा बघून कोणाला बोलवेना.

या सगळ्या राबण्यामागे एक गोष्ट होती, ती म्हणजे काजल. काजल त्यांची एकुलती एक लेक, नंदुरबारला बारावी सायन्सला. रोज सकाळी एसटीने जायची, दुपारी यायची. तिला फार्मसीला जायचं होतं. हुशार होती. पण ती कोरीटमध्ये जन्मली होती, आणि कोरीटमध्ये मुलगी आईबापाची असते तितकीच भाऊबंदांची असते.

भाऊबंदांत पहिला मान धनुबाईंचा. धनुबाई म्हणजे वहिनींची मोठी जाऊ. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि धनुबाईंचा आवाज त्या भिंतीला जुमानत नाही. त्यांना एकच मुलगा, भूपेश. मुलगी नाही. त्यामुळे काजल आपसूक सामाईक झाली होती.

"काजल वं! मिरच्या पलटाडन्या शेतस, ये जराशी!"

"तिन्हा क्लास शे, ताई."

"क्लास रोजना शे वं. मिरच्या रोज थोड्याच वाळतीस?"

अकरावीच्या वर्षभर काजलने मिरच्या पालटल्या, गॅसचा नंबर लावला, कोणाच्या बाळंतिणीजवळ बसली, कोणाच्या दहाव्याला पत्रावळी वाढल्या, नि उरलेल्या वेळात शाळा केली. वर्षाच्या शेवटी वर्गशिक्षकांनी रुपावहिनींना बोलावून घेतलं. मास्तर सज्जन होते, पण हजेरीपट उघडला की त्यांचा सज्जनपणा जरा मागे सरकायचा.

"ताई, बारावीला असं चाललं तर मी हिला प्रॅक्टिकलला बसवू शकणार नाही. आणि प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष गेलं. फार्मसी विसरा."

वहिनी एसटीत बसून घरी आल्या. त्या प्रवासात झोपल्या नाहीत, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते कळावं.

मास्तरांनीच तोड सुचवली होती. फोनमध्ये कॅलेंडर असतं, त्यात मुलीचं वेळापत्रक भरा, तास, ट्यूशन, चाचण्या, सगळं. आणि ते घरच्यांनाही पाठवा, म्हणजे मुलगी कधी मोकळी नि कधी नाही हे सगळ्यांना आपोआप कळेल. वहिनी लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या. जूनच्या एका दुपारी त्या चुलीपुढे बसल्या आणि एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताच्या बोटाने काजलचं वर्ष भरू लागल्या. फिजिक्स निळं, केमिस्ट्री हिरवं, बायोलॉजी जांभळं, एसटीची वेळ लाल. पीठ लागून पडदा पांढरा झाला, पण काम सुबक झालं.

मग पाठवायची वेळ आली. मास्तर म्हणाले होते, घरच्यांना पाठवा. मास्तर बाहेरगावचे. 'घरचे' म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

धनुबाईंना पाठवणं भागच होतं, सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच. धनुबाईंना पाठवलं तर तळोद्याच्या झिपरूनानांना कसं वगळणार? नाना म्हणजे हेमराजांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत वडीलधारे, आणि एकदा एका बारशाचं बोलावणं उशिरा पोचलं म्हणून दोन वर्षं कोरीटचं पाणी न प्यालेले. नानांना पाठवलं तर मीनाबाई नानींना वेगळं हवं, कारण फोन वेगळा. असं करत करत निम्मी भाऊबंदकी त्यात आली. वहिनींनी बटण दाबलं आणि हुश्श केलं. त्या वर्षातलं ते शेवटचं हुश्श.

आता हे कॅलेंडर बनवणारी माणसं कुठल्या मुलखातली आहेत देव जाणे, पण त्यांना खानदेशची भाऊबंदकी ठाऊक नसावी. पलीकडच्या फोनवर नुसतं वेळापत्रक गेलं नाही. 'रुपा पाटील तुम्हाला केमिस्ट्रीला बोलावत आहेत', असं काहीसं गेलं, आणि खाली विचारलं होतं: हो, नाही, की कदाचित?

आमच्याकडे आवतनाला 'नाही' म्हणत नाहीत. माणूस आजारी असो, भांडलेला असो, तो 'हो'च म्हणतो. आणि एकदा 'हो' म्हटलं की घरातलं कोणी ना कोणी जातं. स्वतः नाही जमलं तर धाकट्याला पाठवतो, पण पान रिकामं ठेवत नाही. घरोघर सगळ्यांनी विचार करून 'हो' दाबलं. मीनाबाई नानींचं बोट घसरून 'कदाचित' वर पडलं, तर धनुबाईंनी आठवडाभर गावात सांगितलं, "नानीले पैसा उना ते मिजास उनी. केमिस्ट्रीले कदाचित म्हने!"

पहिल्या चाचणीच्या दिवशी झिपरूनाना आणि मीनाबाई नानी तळोद्याहून जीपने कोरीटच्या ओट्यावर हजर झाले. नानांच्या डोक्यावर धुतलेली टोपी, नानींच्या हातात नारळ नि खणाची पिशवी.

वहिनी शेण टाकून येत होत्या. "नाना! तुम्ही कसा काय?"

"आवतन उनं, आम्ही उनूत," नाना म्हणाले. "केमिस्ट्री कथी शे?"

"ती नंदुरबारले शे, नाना. कॉलेजमा. ते माहीत पडाले पाहिजे म्हनीसन धाडेल व्हतं."

नानांनी नानींच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग टोपी सारखी करून म्हणाले, "उनूत ते जेवीसनच जासूत."

वहिनींनी वांगी भाजायला घेतली. काजल चाचणी देऊन आली तेव्हा तिची ओटी भरली गेली. पुढे त्याच चाचणीत चाळीस टक्के पडलेल्या मुलीची ओटी भरल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

एकदा नाना येऊन गेले म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहणं शक्य नव्हतं. दर चाचणीला कोणीतरी यायचं. कोणी कॉलेजला जायचं नाही, सगळे वहिनींच्या घरी यायचे, आणि जेवून जायचे. वेळापत्रकात काही बदललं तर आणखी हाल. सरांनी बायोलॉजीचा तास सोमवारचा बुधवारी नेला, वहिनींनी कॅलेंडरात तो सरकवला, की लगेच सगळ्या फोनांवर 'बदललं' म्हणून खणखणाट. मग प्रत्येकाचा फोन.

"रुपा, काय व्हयनं? कोनी वारलं का?"

"नही आत्या, बायोलॉजी सरकनी."

"बरं बरं. सांभाळ वं पोरले."

धनुबाईंचा फोन गोठ्यात दावणीला टांगलेला असायचा. पहाटे एसटीच्या आधी त्यात गजर व्हायचा, म्हैस दचकायची, दूध चोरायची. दुधाचा हिशेब धनुबाई भिंतीवरून फिजिक्सच्या नावे मांडायच्या. सासरे चुडामण आप्पा, ज्यांच्याकडे फोनच नाही, ते गजरांच्या आवाजावरून वेळ ओळखायला लागले. शेतातल्या पंपावर जायला रेंगाळणाऱ्या हेमराजांना म्हणायचे, "केमिस्ट्री सुरू व्हई गई, आनि तू आजून घरमाच?"

एवढं मात्र खरं, की कॅलेंडरने काम केलं. धनुबाई तासाच्या वेळी काजलला हाक मारेनात. स्वतःच 'हो' म्हटलेल्या ठिकाणाहून पोरीला कसं उठवणार? हजेरी भरली. मास्तर खूश. फक्त वहिनी दिवाळीपर्यंत अशा झाल्या की उभ्याने झोपत. सगळी भाऊबंदकी ज्या सौजन्याने त्यांच्याकडे येत होती, त्याच सौजन्याची परतफेड त्यांना करायची होती. आलेल्यांनी आपापली कार्यं वहिनींना कॅलेंडरातच पाठवायला सुरुवात केली. जावळं, साखरपुडे, बोअरवेलची पूजा. वहिनी सगळ्यांना 'हो' म्हणत. काजलला सोडून एकट्या जात. कॉलेजातल्या मुलीच्या दोन खेपा वाचवायच्या म्हणजे आईने त्या दोन खेपा करायच्या, असा तो व्यवहार होता.

डिसेंबरात कॉलेजने फेब्रुवारीतल्या प्रॅक्टिकलची तारीख लावली. सकाळी फिजिक्स, दुपारी केमिस्ट्री, बाहेरगावचे परीक्षक, ते एकच दिवस येणार. वहिनींनी ती कॅलेंडरात भरली. रंग भगवा निवडला, कारण बाकी सगळे संपले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे 'हो' आले. धनुबाईंचा पहिला.

आणि जानेवारीत भूपेशचं लग्न ठरलं.

नवरीकडचे नवापूरचे, पोल्ट्रीवाले, घाईतले. गुरुजींनी लग्नाची तारीख काढली. त्याच्या आदल्या दिवशी मांडव नि हळद. भूपेशने हळदीची तारीख कॅलेंडरातून सगळ्यांना पाठवली. वहिनींचा फोन वाजला तेव्हा त्या धुणं पिळत होत्या. ओल्या बोटाने त्यांनी सवयीने 'हो' दाबलं. मग पाहिलं. एकाच दिवसावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, एक भगवी नि एक पिवळी. फोनला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वहिनी पिळा हातात धरून तिथेच ओट्यावर बसल्या.

भूपेशला बहीण नाही. करवली काजल. मांडवापासून हळदीपर्यंत करवलीशिवाय पान हलत नाही. तेल तिने न्यायचं, तांब्या तिने धरायचा, पहिलं बोट तिने लावायचं. आणि प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष गेलं.

त्या संध्याकाळी वहिनी भिंतीपलीकडे गेल्या. धनुबाई डाळ पाखडत होत्या.

"ताई, हळद संध्याकाळे लयी जाता येई का? त्या दिन काजलनं प्रॅक्टिकल शे."

सूप थांबलं. "काय वं! मन्हा एकुलता एक आंडोरनी हळद, आनि करवली नंदुरबारले नळ्या हालाडाले जाई?"

"वरीस जाई तिन्हं."

"वरीस परत येस. भूपेशनी हळद परत येस का? आनि तू ते 'हो' म्हनी दिन्हं ना फोनवर! मी सोता देखं. मंग आते काय बोली ऱ्हायनी?"

वहिनी भांडल्या नाहीत. भांडायला जी ताकद लागते ती त्यांनी पुढच्या आठवड्याच्या चाचणीच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. घरी आल्या तर हेमराज म्हणाले, "तुम्ही दोन्हीजनी देखी ल्या." काजल कोपऱ्यात बसून वहीवर तेच तेच समीकरण लिहीत होती. ती म्हणाली, "मम्मी, राहू दे. मी पुढच्या वर्षी बसेन." तिने हे शाळेतल्या मराठीत म्हटलं. रडू आवरायचं असलं की ती शाळेतली मराठी बोलते.

तेव्हा वहिनी उठल्या आणि सासऱ्यांकडे गेल्या. चुडामण आप्पा अंगणात शेकोटीजवळ होते. मागोमाग धनुबाईही आल्या, कारण भिंतीमागून त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

आप्पांनी दोघींचं ऐकून घेतलं. मग त्यांना जे एकच विचारायचं ठाऊक होतं ते विचारलं.

"आवतन पहिले कोनं उनं?"

वहिनींच्या लक्षातच आलं नाही. "काय, आप्पा?"

"दोन आवतनं एकच दिनले उनात, ते जे पहिले उनं तठे जावानं. दुसरा घर माफी मांगानी. आमना बापजाद्यास्नी हाई रीत शे. पहिले कोनं उनं?"

"प्रॅक्टिकलनं," वहिनी हळूच म्हणाल्या. "डिसेंबरमा."

"आनि धनु, तू त्याले काय म्हनेल व्हती?"

धनुबाईंनी पदर सावरला. "हो म्हनेल व्हती. पन आप्पा, ते ते असंच..."

"असंच?" आप्पांनी शेकोटीत काटकी टाकली. "आवतनले 'हो' असंच म्हनतस का? तू जबान दिन्ही. मंग तुले बी जानं पडी. नानाले बी. बठ्ठास्ले. हळद रातले लावानी. चंद्र काय पळी जाई नही ऱ्हायना."

"आप्पा! हाऊ काय न्याय शे? मी नवरदेवनी माय, मी कॉलेजना दारले जाईसन बसू?"

"बसनं पडी."

धनुबाई आठ दिवस स्वयंपाकघरातली भांडी आपटत होत्या. पण आप्पांचा शब्द, आणि त्याहून मोठं म्हणजे स्वतःचा 'हो', मोडायची हिंमत त्यांना झाली नाही. उद्या भूपेशच्या लग्नाचा 'हो' कोणी मोडला तर?

प्रॅक्टिकलच्या सकाळी कोरीटहून दोन जीपा निघाल्या. पुढच्या जीपमध्ये काजल, पांढरा एप्रन मांडीवर, शेजारी धनुबाई हिरव्या चुड्यात, समोर झिपरूनाना फेट्यात, कारण संध्याकाळी हळद होती आणि फेटा दोनदा कोण बांधणार. वहिनींनी पहाटे उठून कळण्याच्या भाकरी नि ठेचा बांधून घेतला होता. सगळे 'हो'वाले आले होते. नानीसुद्धा, 'कदाचित'चा डाग पुसायला.

"मम्मी, माले लाज वाटी ऱ्हायनी," काजल कुजबुजली.

"माले झोप उनी शे," वहिनी म्हणाल्या. "तू तुन्ह्या नळ्या देख."

कॉलेजच्या फाटकावर शिपायाने हात आडवा केला. "कोनले भेटनं शे?"

"कोनलेच नही," नाना फेटा सावरून म्हणाले. "आमनी पोरनं प्रॅक्टिकल शे. आमले आवतन शे."

शिपाई नंदुरबारचाच होता. त्याने आवतन हा शब्द ऐकला आणि विचारात पडला. आत सोडता येत नव्हतं, पण परत पाठवणंही बरं दिसत नव्हतं. त्याने फाटकाबाहेरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून दिली.

तिथे ते सगळे दिवसभर बसले. धनुबाई पहिला तासभर रस्त्याकडे पाठ करून बसल्या. मग बाहेर वाट बघणाऱ्या दुसऱ्या एका मुलीच्या आईशी, अख्तरबानोंशी, बोलणं निघालं. त्या माळीवाड्याच्या बाजूला शिलाईचं काम करायच्या, त्यांची गजालाही आत होती. धनुबाईंनी विचारलं, "तुमना भाऊबंद नही उनात?" अख्तरबानो म्हणाल्या, "नाही बाई, एकटीच आलेय." धनुबाईंना त्यांची एवढी दया आली की ठेच्याचं अर्धं गाडगं त्यांच्यापुढे सरकवलं, आणि तिथून पुढे त्यांची पाठ रस्त्याकडे राहिली नाही.

आत परीक्षकांनी तोंडी परीक्षेत काजलला विचारलं, "फाटकापाशी ती वरात कोणाची?"

"माझी, सर."

"लग्न आहे तुझं?"

"नाही सर. केमिस्ट्री आहे."

परीक्षकांनी पुढचा प्रश्न सोपा विचारला, असं काजल सांगते.

दुपार कलता ती बाहेर आली. सगळे उठले. "काय व्हयनं वं?" तिने सांगितलं, नळीतला रंग बरोबर आला, तीनदा केलं नि तिन्ही वेळा तेच आकडे. कोणाला काही कळलं नाही, पण नानांनी तिच्या हातात नारळ दिला. धनुबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "चाल आते, मन्हा आंडोर कव्हय पासून पाटवर बशेल शे." परतीच्या जीपमध्ये वहिनी मधल्या फळीवर झोपल्या. डोकं कधी नानींच्या खांद्यावर, कधी मागे ठेवलेल्या जादा टायरवर.

हळद रात्री लागली. वहिनींनी त्या रात्री किती परातींचं पीठ मळलं ते त्यांनी स्वतःच मोजलं नाही.

लग्न पार पडलं, आणि समोर लेखी परीक्षा आली. सहा विषय. वहिनींनी कॅलेंडर उघडलं, पहिला पेपर भरला, आणि कोणाकोणाला बोलवायचं त्या नावांवर येऊन त्यांचं बोट थांबलं. सहा पेपर म्हणजे सहा वेळा दोन जीपा. सहा वेळा भाकरी. सहा संध्याकाळी परतफेड. शेजारी काजल पाठांतर करता करता भिंतीला टेकून झोपली होती.

वहिनींनी कोणालाच बोलावलं नाही. सगळे पेपर स्वतःच्या फोनपुरते ठेवले आणि फोन पिठाच्या डब्यावर उपडा घातला. कोरीटच्या इतिहासात इतकं मोठं काम इतक्या शांतपणे क्वचितच झालं असेल.

पहिला पेपर झाला त्याच दिवशी धनुबाईंना कळलं. "नळ्या हालाडाले आम्ही चाललूत, आनि लिखवानं उनं ते आम्ही परका व्हई गऊत?" एवढं भिंतीवरून म्हणाल्या आणि बोलणं बंद झालं. नानांनी तळोद्याहून निरोप पाठवला की आपण कोरीटचं पाणी आता पिणार नाही. नानींनी वहिनींची सगळी पाठवलेली आवतनं 'नाही' करून टाकली; हे त्यांच्या घराण्यात प्रथमच घडलं.

भाऊबंदकी रुसली. धनुबाईंचा रुसवा असा कडक की त्या काजललाही हाक मारेनात. मिरच्या पालटायला कोणी बोलावेना, गॅसचा नंबर लावायला कोणी फोन करेना, ओट्यावर पाहुणा येईना. गोठ्यातला फोन गप्प, म्हैस पूर्ण दूध देऊ लागली. काजल पेपर देऊन यायची, जेवायची, दार लोटून अभ्यासाला बसायची. वर्षभर वहिनींनी जे रंगीत पट्ट्या ओढून मिळवायचा आटापिटा केला होता ते सगळं आता रुसव्याने फुकट येऊन पडलं होतं.

चौथ्या पेपरच्या दुपारी वहिनी ओट्यावर गोधडी टाकून आडव्या झाल्या. दिवसा. गावातून जाणाऱ्या लोकांनी थांबून पाहिलं. हेमराज बाजेवर उठून बसले. दिवसा आडवं होणं हे आपलं काम, असं त्यांना वाटत आलं होतं.

"रुपा," ते म्हणाले, "ताईले एक फोन करी टाक. एवढा दिन रुसवा बरा नही दिखस. भाऊबंद शेतस."

वहिनींनी डोळे न उघडता विचारलं, "आजून किती पेपर शेतस?"

"दोन."

"शेवटला व्हवू द्या," वहिनी म्हणाल्या. "मंग मी सोता जाईसन पाय पडसू, जेवाले बलावसू, बठ्ठं करसू." आणि त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

हेमराजांना चहा हवा होता. थोडा वेळ ते त्या गोधडीकडे बघत राहिले. मग उठले, आणि चूल कुठल्या बाजूने पेटते याचा अंदाज घेत आत गेले.